दार लागत नाही, तेव्हा आधी खाली बघा



बक्षीस समारंभ संपला की पाहुण्यांचं भाषण, आणि ते संपल्याशिवाय नाच सुरू होत नाही. तेव्हा तुमच्या माझ्याकडून काय अपेक्षा आहेत, हे मला ठाऊक आहे. यशाची सूत्रं वगैरे माझ्याकडे नाहीत. जुन्या गाड्यांचं टिनकाम हा माझा धंदा. आयटीआयच्या मुलांसमोर उभा आहे, म्हणून त्यातलं एकच काम सांगतो: जुन्या पिकअपचं वाकडं बसलेलं दार सरळ कसं करायचं.

गाडी म्हणून शेव्हरोले ३१०० डोळ्यांसमोर आणा. गुबगुबीत मडगार्ड, पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, अर्ध्या टनाची पिकअप. जनरल मोटर्सने ही घडण १९४७ च्या जूनमध्ये अमेरिकेत बाजारात आणली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालवली. शेव्हरोले हे नाव मुंबईला परकं नव्हतं. १९२८ पासून १९५४ पर्यंत शिवडीच्या कारखान्यात याच कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत होती.

अशी गाडी गॅरेजला आली की मालकाची तक्रार ठरलेली असते. दार आपटल्याशिवाय लागत नाही. बघावं तर दाराची मागची कड खाली आलेली, वर बोटभर फट आणि खाली पत्र्याला पत्रा घासतोय. तक्रारीबरोबर उपायही मालकच सांगतो: "बिजागरीत काहीतरी अडकवा आणि दाराला एक हिसका द्या." असा हिसका देणारे कारागीर आहेत. त्यांचं दार महिनाभर लागतं, मग पुन्हा लोंबतं, कारण दाराचा दोष बऱ्याचदा दारात नसतोच.

वाड्याचा पाया एका कोपऱ्यात खचला की माजघराचं दार चौकटीत अडकतं. सुतार दाराला रंधा मारतो, आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा अडकतं. इथेही तेच होतं. केबिन चासीवर रबरांच्या आधाराने बसलेलं असतं. सत्तर वर्षांत रबर चेपतं, केबिनच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी साचून पत्रा गंजतो आणि केबिन एका अंगाला बसतं. चौकटच तिरकी झाली, तर दार सरळ कसं बसणार? म्हणून पाना हातात घेण्याआधी टेप घ्या. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, डाव्या बाजूची मापं उजवीशी ताडून बघा. फरक निघाला, तर काम दारापासून नाही, चासीच्या रबरांपासून सुरू होतं. खालचा गंजलेला पत्रा कापायचा असेल, तर आधी चौकटीत आडव्या-तिरक्या पट्ट्या वेल्ड करून तिचा आकार बांधून ठेवा. नाहीतर कापता कापता केबिन आणखी तिरकं होतं आणि नवा पत्रा त्या तिरकेपणावरच कायमचा बसतो.

मग बिजागऱ्या. दार अर्धं उघडा, मागच्या कडेला धरून हळूच वर उचला आणि नजर बिजागरीवर ठेवा. बिजागरीतच खुळखुळ दिसली, तर पिन आणि भोक झिजलंय. नवी पिन, गरज असेल तिथे नवं बुश. हे न करता बोल्ट सरकवत बसलात, तर कितीही तास घालवा, दार आहे तिथेच येणार.

आता खरी जुळणी. बिजागरीच्या बोल्टांची भोकं बोल्टांपेक्षा मोठी असतात. ती ढिलाई नव्हे, सोय आहे. कारखान्यातही प्रत्येक केबिन आणि प्रत्येक दार तंतोतंत जुळत नसे, म्हणून बसवणाऱ्याला थोडी जागा ठेवलेली असते. आधी स्ट्रायकर, म्हणजे दाराचं लॉक चौकटीवर जिथे अडकतं तो तुकडा, आणि रबराचं बिडिंग काढून ठेवा, म्हणजे दार कशालाही न टेकता आपली खरी जागा दाखवेल. काच आणि तिची यंत्रणा मात्र आत असू द्या, कारण तिचं वजन दाराला खाली ओढतं. बिजागरीभोवती पेन्सिलीने खूण करा. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा. आणि एका वेळी एकच बिजागरी सैल करा. मागची कड खाली आली असेल, तर वरची बिजागरी किंचित पुढे सरकवा, ती कड वर येईल. दार चौकटीच्या आत-बाहेर बसत असेल, तर पातळ पॅकिंग घाला किंवा काढा. प्रत्येक वेळी आवळा, दार लावा, फट बघा, मग पुढचा बोल्ट.

मुलींनो, या कामाला पैलवान लागतो, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वजन जॅक पेलतो. तुम्हाला लागते ती नजर आणि एकेक मिलिमीटरवर थांबायची सवय.

स्ट्रायकर सगळ्यांत शेवटी. त्याचं काम दार धरून ठेवायचं, वर उचलायचं नाही. लोंबलेलं दार स्ट्रायकरच्या जोरावर वर चढवलं, तर बाहेरून छान दिसतं, पण प्रत्येक वेळी लॉक आणि बिजागरी झिजत राहतात. दार बसल्यावर मडगार्ड दाराला जुळवा, मग बॉनेट मडगार्डला. उलट क्रमाने गेलात, तर बॉनेटपासून आलेली सगळी चूक दारावर येऊन पडते.

फट किती असावी? चार-पाच मिलिमीटर, आणि वरपासून खालपर्यंत सारखी. आजच्या मोटारीची रेघ त्या काळच्या पिकअपमध्ये शोधू नका, ती कारखान्यातून निघतानाही नव्हती. पण फट बुजवायला पुट्टी भरू नका. पुट्टी पत्र्याच्या पृष्ठभागासाठी असते, चुकीच्या जुळणीसाठी नाही. दार आपटलं की कडेची पुट्टी तडकते, आत पाणी शिरतं आणि गंज पुन्हा तिथूनच सुरू होतो.

तुमच्यातले बरेच जण वर्षभरात कामाला लागतील. तिथे घाई असेल, गिऱ्हाईक दारात उभं असेल आणि कोणीतरी वरिष्ठ म्हणेल, मार पुट्टी, सोड गाडी. त्या वेळी वाद घालू नका. टेप काढा, चौकट मोजा आणि माप दाखवा. या धंद्यात आवाजापेक्षा मापाला किंमत आहे. ज्याने माप दाखवलं, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसरी गाडी घेऊन येतं.

बक्षीस मिळालेल्या सर्वांचं अभिनंदन. बाकीच्यांना एक काम देऊन जातो. उद्या वर्कशॉपमध्ये जी जुनी गाडी उभी असेल, तिचं दार अर्धं उघडा, वर उचला आणि बिजागरीकडे बघा. पिन हलताना दिसली, तर निदेशकांची परवानगी घेऊन ती तुम्ही स्वतः बदला.