दोन डॉलर छप्पन्न सेंट

१९७७ साली स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांच्या हाती त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पडली. अक्षरांची रया गेलेली पाहून ते हिरमुसले. मग अक्षरजुळणीची आज्ञावलीच त्यांनी लिहायला घेतली. नाव 'टेख'. वर्षभरात उरकेल असं वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं.

टेख एकेक ओळ नव्हे, अख्खा परिच्छेद एकदम पाहते. पाचवी ओळ विरळ दिसू नये म्हणून पहिलीच ओळ वेगळ्या ठिकाणी तोडते! मला ही खरी कारागिरी वाटते. गणिताचे शोधनिबंध आजही सर्रास याच आज्ञावलीत जुळवले जातात. तिचा मूळ कोड नूथ यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे फ्रान्स वेल्टहाउस यांनी तिच्यासाठी देवनागरी अक्षरंही घडवली.

नूथ यांच्या पुस्तकात चूक सापडली, की पहिल्यांदा दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश मिळायचा. २५६ म्हणजे दोनाचा आठवा घात. कित्येकांनी तो वटवलाच नाही, चौकटीत बसवून भिंतीवर लावला.

टेखच्या आवृत्तीचा क्रमांकही पाहा: ३.१, ३.१४, ३.१४१... दर दुरुस्तीला गणितातल्या 'पाय'चा (π) एक अंक वाढतो. आपल्या पश्चात तो नेमका 'पाय' करावा आणि उरलेल्या चुकांना हात लावू नये, असं नूथ यांनी सांगून ठेवलं आहे.