भोंगा वाजल्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एका कवीला बोलवायचं आणि त्याला विषय द्यायचा अणुवीज केंद्रातल्या अपघाताचा, हे जरा विचित्रच. पण विचार करू लागलो तेव्हा लक्षात आलं, की यातला अर्धा भाग शास्त्रज्ञांचा असला तरी उरलेला अर्धा भाषेचा आहे. अणुभट्टी सांभाळणं त्यांचं काम. पण काही बिघडलंच, तर पहिल्या तासाभरात सामान्य माणसाच्या कानावर काय पडतं, त्याला ते समजतं का आणि पटतं का, यावर पुढचं पुष्कळसं अवलंबून असतं.

आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. देशातलं ते पहिलं. केंद्राभोवतीचा १६ किलोमीटरचा टापू आणीबाणीच्या नियोजनासाठी धरला जातो. चिंचणी, बोईसर ही गजबजलेली गावं त्यातच येतात. संकट कुंपणाबाहेर गेलं, तर लोकांच्या बचावाची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती जातात. दर दोन वर्षांनी त्याची तालीमही होते. पण तालमीतल्या नटांना संवाद पाठ असून भागत नाही. इथे प्रेक्षकांनाही ते माहीत हवेत.

ते नसले तर काय होतं, हे चेर्नोबिलनं दाखवलं. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री दीडच्या सुमारास स्फोट झाला. तिथून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर प्रिप्यात हे शहर, वस्ती ४९ हजारांच्या आसपास. सकाळी मुलं नेहमीप्रमाणे शाळेत गेली. शहर सोडा, अशी घोषणा झाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि लोकांना वाटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. ते पुन्हा कधी तिथे राहायला गेले नाहीत.

त्याहून मोठं दुःख खेड्यापाड्यांत घडलं. हवेतलं किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर बसलं, गवतातून गाईच्या पोटात आणि दुधातून लेकरांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत गेलं. या आयोडीनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होतो. म्हणजे काही आठवडे ते दूध टाळलं असतं तरी पुष्कळ निभावलं असतं. पण सांगणार कोण? त्या वेळी लहान असलेल्यांपैकी हजारो जणांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला, आणि त्यामागचं एक मोठं कारण ते दूध होतं. शेजारच्या पोलंडनं मात्र काही दिवसांतच एक कोटीहून अधिक मुलांना साध्या आयोडीनचा डोस पाजला.

मग कुणी म्हणेल, भोंगा ऐकला की पळत सुटावं. तेही खरं नाही. जपानमध्ये फुकुशिमाला मार्च २०११ मध्ये भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीचा अपघात एकापाठोपाठ आले. घाईघाईत हलवलेले म्हातारे, अंथरुणाला खिळलेले रुग्ण तासन्‌तास बसमध्ये राहिले. त्यातले कित्येक दगावले. त्या प्रांतात दगदग, खंडित उपचार आणि घर सुटण्याचा ताण अशा कारणांनी पुढे गेलेल्यांची सरकारी नोंद २,३०० च्या वर आहे. माझ्या घरातही वयानं थकलेली आई आहे. हा आकडा मी तिच्याकडे पाहून वाचतो.

म्हणून पहिली सूचना बहुधा अशी असते : घरात जा, दारं-खिडक्या लावा, पंखा आणि एसी बंद करा, रेडिओ लावून ठेवा. विटा-सिमेंटची भिंत किरणांचा जोर कमी करते, आणि बंद घरात बाहेरचे कण कमी येतात. बाहेरून आलात तर वरचे कपडे काढून पिशवीत बांधून बाजूला ठेवा, अंघोळ करा. आता आमच्या भागातल्या वारली पाड्यावर कारवीच्या कुडाचं घर असेल, तर त्या भिंतीचा आडोसा तो किती? तिथल्या माणसाला ‘घरात राहा’ एवढंच सांगून पुरत नाही. जवळची पक्की शाळा कुठली, हेही आधीच ठरलेलं हवं.

आईबापांना सर्वांत अवघड सूचना पुढची आहे. लेकरू शाळेत असेल तर त्याला आणायला धावू नका. शाळेची इमारत पक्की असते, आणि रस्ते मोकळे राहिले तरच गाड्या चालतात. पण हे आईला त्या दिवशी पटणार नाही. शाळेनं जूनमध्येच सांगून ठेवलं, की मुलांना कुठे नेऊ आणि कोण सोबत असेल, तरच तिचा पाय घरात थांबेल.

निघायला सांगितलं तर सांगितलेल्या रस्त्यानंच निघावं. औषधं, कागदपत्रं, पाणी, बॅटरी एवढं पुरे. आयोडीनची गोळी सांगतील तेव्हाच घ्यावी. ती फक्त थायरॉइडला वाचवते, बाकीच्या किरणोत्सर्गावर तिचा काही उपयोग नाही. मुलांना आणि गरोदर बायकांना तिची गरज सर्वांत जास्त. आणि मिठातलं आयोडीन त्या कामाचं नाही. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी मिठासाठी झुंबड केली होती, ती वायाच. जखमेवर लावायचं टिंक्चर तर कुणी पिऊच नये. उघड्यावरचं दूध, भाजी, मासळी तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवावी. जनावरांना गोठ्यातला साठवलेला चारा घालावा.

आता भाषेचं. ‘बाधित क्षेत्रातील नागरिकांनी अंतर्गृही आश्रय घ्यावा’ असं वाक्य कल्पून पाहा. व्याकरण बिनचूक, पण मासळी सुकवत बसलेल्या मांगेलीण ताईला त्यातून काय कळणार? ‘घरात जा, दार लावा, पुढचं सांगेपर्यंत बाहेर येऊ नका’ – बस्स. आणि हे वारलीत, गुजरातीत, बोईसरच्या कारखान्यांतल्या मजुरांसाठी हिंदीतही हवं. आमच्या मोहल्ल्यात मय्यतची खबर मशिदीच्या भोंग्यावरून मिळते. गावागावात देऊळ आहे, ग्रामपंचायत आहे. ओळखीचा आवाज सायरनपेक्षा लवकर पटतो.

पटणं महत्त्वाचं आहे. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला १९७९ मध्ये अपघात झाला, तेव्हा राज्यपालांनी आठ किलोमीटरच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनाच निघायला सांगितलं होतं. ते होते काही हजार. निघाले सुमारे १ लाख ४० हजार. आधीचे दोन दिवस उलटसुलट बातम्या ऐकून लोकांचा विश्वासच उडाला होता.

तेव्हा श्रोतेहो, तुम्ही त्या टापूत राहत असाल तर पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि तीन प्रश्न विचारा. आमच्या गावाला खबर कोण देणार? आसऱ्याची पक्की जागा कुठली? आणि ज्यांना चालता येत नाही, त्यांच्यासाठी गाडी कोण आणणार? उत्तरं मिळाली की एका कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा. न मिळाल्यास त्याच्या पुढच्या ग्रामसभेत पुन्हा विचारा.