'पॉझिटिव्ह' या एका शब्दावर कामगाराचे भवितव्य ठरू नये

(जागतिक हिपॅटायटीस दिनानिमित्त बंगळूर येथे मराठी भाषक कामगार सभासदांपुढे आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



आज आम्ही पगारवाढीवर किंवा बोनसवर बोलणार नाही. आजचा विषय एका रक्ततपासणीचा आहे. परंतु या तपासणीच्या कागदावरील एका शब्दामुळे नोकरी अडते, आखातात जाणे अडते, ठरलेले लग्न मोडते, घरात ताट-वाटी वेगळी होते. म्हणून हा विषय डॉक्टरांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

हा कागद कामगाराच्या हाती येतो कसा? त्याने रक्तदान शिबिरात रक्त दिलेले असते आणि काही दिवसांनी रक्तपेढीकडून निरोप येतो. कधी भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत, कधी एखाद्या ऑपरेशनपूर्वी, कधी आखाती देशांत जाण्यासाठी सक्तीच्या असलेल्या तपासणीत हे निघते. माणूस धडधाकट असतो, रोज पाळी करीत असतो. आणि कागदावर लिहिलेले असते : 'अँटी-एच.सी.व्ही. रिॲक्टिव्ह', म्हणजेच हिपॅटायटीस सी ची अँटिबॉडी तपासणी पॉझिटिव्ह.

पीण्या, जिगणी, बोम्मसंद्र या पट्ट्यांत बेळगाव-निपाणीकडून, कोल्हापूर-सोलापूरकडून आलेली आपली माणसे आहेत. त्यांना हा कागद इंग्रजीत मिळतो. समजावणी झालीच तर ती कन्नडमध्ये होते. आणि गावाकडे फोनवर मराठीत सांगितले जाते ते एवढेच की, 'रक्तात कावीळ निघाली.' तीन भाषांच्या या प्रवासात मूळ अर्थ हरवतो. तो मूळ अर्थ आज आपण नीट समजून घेऊ.

आजार कोणता?

हिपॅटायटीस म्हणजे यकृताची सूज. ती करणारे अनेक विषाणू आहेत, त्यांपैकी एक 'सी'. रक्त घेतलेल्या रुग्णांना होणारी एक कावीळ 'ए' विषाणूचीही नाही आणि 'बी'चीही नाही, हे अमेरिकेतील हार्वे आल्टर यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले. तिच्या मुळाशी असलेला विषाणू मायकेल हाउटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ओळखला. या विषाणूने एकट्याने हा आजार होतो, हे चार्ल्स राइस यांनी सिद्ध केले. या तिघांना २०२० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशात रक्तपेढ्यांना प्रत्येक बाटलीची हिपॅटायटीस सी साठी तपासणी सक्तीची झाली ती या शतकाच्या आरंभी. त्याआधी ज्यांना रक्त चढवले गेले, ज्यांनी एकाच सुईने अनेकांना टोचण्याचा काळ पाहिला, ज्यांचे डायलिसिस झाले, त्यांना हा संसर्ग होण्याचा संभव जास्त. आजही न उकळलेली उपकरणे, गोंदण्याची सुई, दुसऱ्याचा वस्तरा आणि रुग्णालयात काम करताना टोचलेली सुई हे धोके आहेतच.

हा विषाणू रक्तातून जातो. तो कँटीनच्या ताटातून जात नाही, एका तांब्यातले पाणी प्यायल्याने जात नाही, हस्तांदोलनाने, खोकण्याने, एका मशीनवर पाळी बदलल्याने जात नाही. एवढे जरी आपण घरी जाऊन सांगितले तरी अनेकांची वेगळी काढलेली ताटे पुन्हा पंगतीत येतील.

गेटवरचे रजिस्टर

आता मुख्य मुद्दा. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. यांनाच अँटिबॉडी म्हणतात. पहिली तपासणी या प्रतिपिंडांची असते. ती विषाणूची तपासणी नव्हे.

आपल्या कारखान्याच्या गेटवरचे रजिस्टर डोळ्यांपुढे आणा. त्यात अमुक माणूस आत आल्याची नोंद आहे. पण तो या क्षणी आत आहे काय? बाहेर जाण्याची नोंद ठेवण्याची पद्धतच नसेल तर रजिस्टर ते सांगू शकत नाही. त्यासाठी आत शॉपमध्ये जाऊन पाहावे लागेल. अँटिबॉडी ही गेटवरची नोंद आहे, आणि ती वर्षानुवर्षे, पुष्कळदा जन्मभर राहते.

म्हणून पॉझिटिव्ह अँटिबॉडीचे तीन अर्थ होऊ शकतात.

पहिला : विषाणू आला आणि आजही रक्तात आहे.

दुसरा : विषाणू आला होता आणि गेला. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण पंधरा ते पंचेचाळीस जणांचे शरीर पहिल्या सहा महिन्यांत, कोणत्याही औषधाविना, विषाणूला हुसकावून लावते. त्यांपैकी बहुतेकांना आपल्याला काही झाले होते याचा पत्ताही नसतो. उपचार घेऊन बरे झालेल्यांचीही अँटिबॉडी अशीच पॉझिटिव्ह राहते.

तिसरा : विषाणू कधी आलाच नव्हता. पहारेकऱ्याने चुकून भलत्याचेच नाव लिहिले. याला फसवा पॉझिटिव्ह म्हणतात.

हा तिसरा प्रकार क्वचितच होत असेल, असे वाटेल. हिशेब करून पाहू. समजा, एक हजार निरोगी दिसणाऱ्या कामगारांची तपासणी केली. त्यांच्यात खरोखर संसर्ग होऊन गेलेले पाच आहेत. तपासणी इतकी चांगली आहे की निर्दोष शंभरांत ती एकदाच चुकते. उरलेल्या ९९५ मध्ये ती सुमारे दहा वेळा चुकेल. म्हणजे पॉझिटिव्ह कागद पंधरा जणांच्या हाती पडतील आणि त्यांतील दहा जणांना विषाणू कधी शिवलेलाही नसेल! यात तपासणी वाईट आहे असे नाही. आजार जिथे विरळ, तिथे चाळणी लावली की खड्यांबरोबर दाणेही अडकतात. म्हणूनच चाळणीवर कोणी निकाल देत नाही; हाताने निवडावे लागते.

दुसरी तपासणी : आर.एन.ए.

निवडण्याचे काम करते ती आर.एन.ए. तपासणी. तिला पी.सी.आर. किंवा 'व्हायरल लोड' असेही म्हणतात. ती रक्तात प्रत्यक्ष विषाणू शोधते. विषाणू सापडला तर चालू संसर्ग आहे. सापडला नाही तर चालू संसर्ग नाही, मग अँटिबॉडी कितीही ठळक पॉझिटिव्ह असो.

ही तपासणी करणारे एक छोटे यंत्र, ट्रूनॅट, गोव्याच्या मोलबायो आणि आपल्या याच बंगळूर शहरातील बिगटेक या संस्थांनी विकसित केले आहे. क्षयरोगासाठी ते अनेकांना ठाऊक आहे. हिपॅटायटीस सी ची आर.एन.ए. तपासणीही त्यावर होते. ज्या शहरात हे तंत्र घडले त्याच शहरात एखादा कामगार पहिल्याच कागदावर घरी बसावा, हा विरोधाभास आपण सहन करता कामा नये.

आर.एन.ए. निगेटिव्ह आली तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. औषधाची गरज नाही. 'रक्त शुद्ध करतो', 'कावीळ उतरवतो' असे सांगणाऱ्यांना एक पैसाही देऊ नये.

२. गेल्या सहा महिन्यांत सुई टोचणे वगैरे प्रसंग घडला असेल, तर काही काळाने आर.एन.ए. पुन्हा करावी. आरंभीच्या काळात विषाणू मध्येच दिसेनासा होऊन पुन्हा वर येऊ शकतो.

३. प्रतिपिंडे म्हणजे कवच नव्हे. हिपॅटायटीस बी ला लस आहे, सी ला नाही. एकदा बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो.

४. विषाणू गेला तरी यकृताला आधीच झालेली इजा राहू शकते. ज्यांचे यकृत पूर्वीच आक्रसलेले, म्हणजे सिरॉसिस झालेले आहे, त्यांनी विषाणू गेल्यावरही ठरावीक काळाने सोनोग्राफी करून घेतली पाहिजे. दारू तर सोडलीच पाहिजे.

आमच्या भगिनींसाठी आणखी एक. आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाकडे येतात आणि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. तेवढ्या काळात बाळाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून बाळाला आजार आहे असे धरू नये.

याची उलट बाजूही आहे. डायलिसिसवरील किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णात विषाणू असूनही अँटिबॉडी निगेटिव्ह येऊ शकते. सुई टोचल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिनेही तसेच. तिथे थेट आर.एन.ए. हवी.

विषाणू सापडलाच तर?

तरीही घाबरण्याचे कारण नाही. दुर्लक्षाचे मात्र भय आहे. उपचार न झालेला जुना संसर्ग वीस वर्षांत शंभरांतील पंधरा ते तीस जणांचे यकृत आक्रसून टाकतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत आणि पुष्कळांना गुण येत नसे. आज बहुतेकांना बारा आठवडे रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात.

या गोळ्यांची कथा कामगारांनी ऐकण्यासारखी आहे. सोफोसबुव्हिर हे औषध २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आले तेव्हा बारा आठवड्यांची किंमत होती ८४,००० डॉलर, म्हणजे एका गोळीस एक हजार डॉलर. २०१४ मध्ये मूळ कंपनीने सात भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. त्यांत बंगळूरची स्ट्राइड्स आर्कोलॅबही होती. औषध आपल्या कामगारांच्या हातांनी बनू लागले आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. ती मिळवणे हा आपला हक्क आहे. कोणाची मेहेरबानी नव्हे.

नोकरीचा प्रश्न

आता विचारा : पहिल्या कागदावर 'अनफिट' असा शिक्का मारणे कोणत्या न्यायात बसते?

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. 'एम.एक्स.' या सांकेतिक नावाने ओळखला जाणारा एक हंगामी कामगार एच.आय.व्ही. बाधित निघाला म्हणून सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळाने त्याला कामावर घेण्याचे नाकारले होते. न्यायालयाने सांगितले की, माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि कामाच्या जागी इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ बाधित असल्यामुळे त्याची रोजी हिरावता येणार नाही. पुढे २०१७ मध्ये एच.आय.व्ही. बाधितांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि नोकरीसाठी ती तपासणी सक्तीची करण्यास मनाई झाली.

हिपॅटायटीस सी त्या कायद्यात नाही. परंतु न्यायालयाने घातलेल्या दोन कसोट्या, कामाची क्षमता आणि इतरांना असलेला धोका, इथेही तितक्याच रास्त आहेत. आणि ज्याची आर.एन.ए. निगेटिव्ह आहे, ज्याच्या रक्तात विषाणूच नाही, त्याला रोखण्यास तर कोणतीच सबब उरत नाही. आखाती देशांचे नियम त्यांचे ते ठरवतात. म्हणून तिकडे जाणाऱ्याने दलालाला पैसे देण्यापूर्वीच ही तपासणी करून घ्यावी. रक्तपेढीने पुढे रक्त घेण्याचे नाकारले तर ती घेणाऱ्याच्या सुरक्षिततेची खबरदारी आहे. तो दात्यावरचा डाग नाही.

आपण काय करावे, काय मागावे

सभासदांना आमची विनंती अशी : पॉझिटिव्ह कागद आला तर तो फाडू नका, लपवू नका. सरकारी रुग्णालयात किंवा ई.एस.आय.च्या डॉक्टरांकडे जाऊन आर.एन.ए. तपासणीची लेखी चिठ्ठी मागा. ती होईपर्यंत राजीनाम्यावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नका; आधी युनियनच्या कचेरीत या. दोन्ही अहवाल एकत्र जपून ठेवा. पुढच्या तपासण्यांतही अँटिबॉडी बहुधा पॉझिटिव्हच येणार आहे, तेव्हा आर.एन.ए.चा निगेटिव्ह कागद हाच तुमचा दाखला.

आणि संघटनेच्या मागण्या अशा :

(१) अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्यास त्याच रक्ताच्या नमुन्यावर आर.एन.ए. तपासणी व्हावी, कामगाराला पुन्हा रजा टाकून यावे लागू नये.

(२) आर.एन.ए.चा निकाल येईपर्यंत कोणालाही अपात्र ठरवू नये.

(३) अहवाल कामगाराच्या हाती, गुप्तपणे आणि त्याला समजेल त्या भाषेत द्यावा. तो सुपरवायझरच्या टेबलावर पडू नये.

(४) रुग्णालयातील आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, कचरा वेचणारे पौरकार्मिक, मग ते कंत्राटी असोत वा कायम, यांना सुई टोचल्यास तपासणी व पाठपुरावा मालकाच्या खर्चाने व्हावा.

बंधू-भगिनींनो, गेटवरच्या एका नोंदीवरून कोणाला चोर ठरवलेले आपण खपवून घेत नाही. आधी चौकशी करा, असे आपण म्हणतो. रक्ताच्या कागदाबाबतही आपले म्हणणे तेच आहे. आधी दुसरी तपासणी, मग निर्णय. हे वाक्य आपल्या खात्यात, आपल्या चाळीत, आपल्या गावी पोहोचवा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.