खेड्याची सत्ता कोणाच्या हाती? : वेस्ट डॉर्सेटचा इतिहास



४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना पूज्य बाबासाहेबांनी मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याचा मुद्दाम उल्लेख केला. भारतातील खेडी म्हणजे लहान लहान प्रजासत्ताकेच होत, अशी प्रशस्ती या मेटकाफने १८३० मध्ये लिहून ठेवली होती. बाबासाहेबांनी ती साफ धुडकावून लावली. मग खुद्द इंग्लंडच्या खेड्यांत त्या काळी काय चालले होते? या प्रश्नाचे उत्तर वेस्ट डॉर्सेट या एका ग्रामीण भागाच्या इतिहासातून आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

डॉर्सेट हा दक्षिण इंग्लंडमधील समुद्रकाठचा शेतीप्रधान परगणा. डॉर्चेस्टर हे त्याचे मुख्य गाव. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी तेथील गावगाडा ‘व्हेस्ट्री’ नावाची चर्चशी निगडित सभा हाकीत असे. कर किती बसवावा, रस्ता कोठे दुरुस्त करावा, उपाशी कुटुंबाला मदत द्यावी की नाही, हे सारे तीच ठरवी. १८१८ च्या कायद्याने या सभेत जास्त मालमत्तेच्या धन्याला सहापर्यंत मते मिळाली. ज्याच्या नावावर कर नाही त्या शेतमजुराला एकही मत नव्हते. म्हणजे ज्याच्या भाकरीचा निर्णय व्हावयाचा, तोच सभेच्या बाहेर!

डॉर्चेस्टरजवळच्या टॉलपडल गावी मजुरांची आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली. पुढे सहाच मिळतील असे सांगण्यात आले. जॉर्ज लव्हलेस या मजुराने लिहून ठेवले आहे की, इतर ठिकाणांइतकी मजुरी मिळेल असे मालकांनी कबूल केले, गावचा धर्मगुरू त्याला साक्षी होता. पण वेळ आली तेव्हा त्याने शब्दच नाकारला. तेव्हा मजुरांनी संघटना बांधली. संघटना करणे १८२४ पासून गुन्हा राहिला नव्हता. म्हणून जमीनदार आणि दंडाधिकारी असलेल्या फ्रॅम्प्टनने १७९७ चा, आरमारातील बंडानंतर केलेला, गुप्त शपथविरोधी कायदा शोधून काढला. फेब्रुवारी १८३४ मध्ये जॉर्ज व जेम्स लव्हलेस, थॉमस व जॉन स्टँडफील्ड, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन या सहा जणांना धरले. मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या न्यायालयाने त्यांना सात वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली आणि त्यांची रवानगी ऑस्ट्रेलिया व टास्मानियाकडे झाली.

लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, देशभर अर्जांवर सह्या झाल्या आणि १८३६ मध्ये सरकारला माफी जाहीर करावी लागली. सुटून आलेल्यांपैकी पाच जण पुढे कॅनडात जाऊन स्थायिक झाले. एकटा हॅमेट टॉलपडलला राहिला. १८९१ मध्ये तो वारला तो डॉर्चेस्टरच्या ‘वर्कहाऊस’मध्ये, म्हणजे निराधार दरिद्री माणसांना ठेवीत त्या जागी.

खेडे आपणहून सुधारले नाही. कायद्याने ते सुधारावे लागले. १८८४ मध्ये शेतमजूर घरमालकांप्रमाणे मतदार झाला. १८९४ च्या कायद्याने व्हेस्ट्रीचा लौकिक कारभार काढून घेतला व ग्रामीण भागात निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिली, म्हणजे ग्रामपंचायती, आणि त्यांच्या वर रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिली आणल्या. सहा मतांचा प्रकार संपला, मालमत्तेची अट गेली. विवाहित स्त्रियांसह स्त्रियांनाही मत देण्याचा आणि उभे राहण्याचा अधिकार मिळाला. मजुरांना भाजीपाला पिकविण्यासाठी जमिनीचे तुकडे खंडाने मिळवून देण्याची ताकद पंचायतीला आली. हॅमेट तीन वर्षे आधीच गेला होता.

परंतु एक फट राहिलीच. पंचायतीची निवडणूक सभेत हात वर करून होई. मतपेटी फक्त मागणी झाली तर! ज्याच्या शेतात राबायचे, ज्याच्या झोपडीत राहायचे, त्याच्या डोळ्यांदेखत हात वर करणे किती कठीण, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. अधिकार मिळाला तरी तो निर्भयपणे वापरता आला पाहिजे.

पुढे १९७४ मध्ये डॉर्चेस्टर, ब्रिडपोर्ट, लाइम रेजिस, शेरबोर्न ही गावे आणि भोवतालचे चार ग्रामीण विभाग एकत्र करून वेस्ट डॉर्सेट डिस्ट्रिक्ट झाले. १ एप्रिल २०१९ रोजी तेही विसर्जित होऊन मोठ्या डॉर्सेट कौन्सिलमध्ये विलीन झाले. काटकसर साधते असे काही म्हणतात, सत्ता खेड्यापासून दूर गेली असे काही म्हणतात. पॅरिश कौन्सिली मात्र टिकून आहेत. ज्या न्यायालयात त्या सहा जणांना शिक्षा झाली, ते आज संग्रहालय आहे. दर जुलैमध्ये कामगार टॉलपडलला जमून त्यांना मानवंदना देतात.

मित्रहो, यातून घ्यावयाचा बोध एकच. खेडे जुने आहे म्हणून ते लोकशाहीवादी ठरत नाही. सर्वांत दुबळ्या माणसाचे मत तेथे मोजले जाते की नाही, यावरून ते ठरते. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत अनुसूचित जाती-जमाती व स्त्रियांसाठी राखीव जागा आल्या, त्याही कायद्यानेच. त्या खुर्चीवर बसणाऱ्याने दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही करू नये, आणि ग्रामसभेत जाणाऱ्याने गप्प बसू नये. विद्यार्थ्यांनो, पुढच्या ग्रामसभेला जा, जमाखर्च मागा, ठराव वाचा. टॉलपडलच्या मजुरांना जी सभा बंद होती, ती तुम्हाला उघडी आहे.