परदेशी व्यापाराचा अभ्यासक्रम

मुंबईंत १९१३ सालीं सिडनम कॉलेज निघालें आणि पेढीवर बसून शिकावयाचा व्यापार महाविद्यालयाच्या वर्गांत आला. त्याचीच 'आंतरराष्ट्रीय व्यापार' ही शाखा आज पुष्कळ घरांतील मुलामुलींना खुणावीत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम व ऐच्छिक विषय निवडण्याची मोकळीक दिली. त्यामुळें कोणता विषय केव्हां घ्यावा, हा प्रश्न आतां विद्यार्थ्याच्या आणि पर्यायानें त्याच्या आईबापांच्या दारीं येऊन उभा राहिला आहे.

माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतों. त्यानें विषयांची यादी केली ती नांवें पाहून. भारदस्त नांवांचे विषय आरंभीं, आणि संख्याशास्त्र अगदीं शेवटीं. गणिताची त्याला धास्ती होती, व ती झांकावयास ही यादी सोयीची होती. मीं ती पाहिली आणि मान डोलाविली. तिसऱ्या वर्षीं तो परकी चलनाचा विषय घ्यावयास गेला, तेव्हां संख्याशास्त्र आधीं झालेलें असलें पाहिजे, असा नियम निघाला. एक वर्ष वाढलें. त्या वर्षाच्या फीसाठीं वहिनींनीं बँकेंतील ठेव मोडली. त्यांनीं मला बोल लाविला नाहीं. परंतु मान डोलाविण्यापूर्वीं मीं एक प्रश्न विचारावयास हवा होता: 'या विषयाच्या आधीं काय यावें लागतें?'

या व्यापारांत काय यावें लागतें, तें आपल्या हापूस आंब्यावरून पहावें. यूरोपीय संघानें १ मे २०१४ पासून भारतांतील आंब्याची आयात बंद केली. आदल्या वर्षीं भारतांतून गेलेल्या फळांच्या व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व इतर कीड आढळली होती. जानेवारी २०१५ मध्यें बंदी उठली खरी, पण मधला हंगाम हातचा गेला. अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते. जपानला जाणाऱ्यावर उष्ण बाष्पाची. फळ एकच, पण कायदा देशोदेशींचा निराळा.

कायद्यापाठोपाठ हिशेब येतो. 'एफ. ओ. बी.' भावांत जहाजाचें भाडें व विमा घेणाऱ्याकडे, 'सी. आय. एफ.' भावांत तो खर्च विकणाऱ्याकडे. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळानें अशा संज्ञांचे नियम १९३६ सालीं प्रथम प्रसिद्ध केले. त्यांतील फरक न समजतां मांडलेला नफा कागदावरच राहतो. पतपत्राचा व्यवहार करणारी बँकही माल पहात नाहीं, कागद पहाते. कागदांत मेळ नसला तर उत्तम मालाचेही पैसे अडतात.

म्हणून यादी शेवटाकडून आरंभाकडे करावी. शेवटच्या वर्षीं परकी चलन, परदेशी व्यापाराचा कायदा, जहाजवाहतूक व विमा हे विषय यावयाचे, हें आधीं लिहावें. त्यांच्या खालीं आधार म्हणून दुसऱ्या वर्षीं व्यापारी कायदा व वित्तव्यवहार, आणि पहिल्या वर्षीं हिशेबलेखन, अर्थशास्त्र व संख्याशास्त्र. एखादी परकी भाषा मात्र पहिल्याच सहामाहीस सुरू करावी. ती शेवटच्या वर्षीं घाईनें पदरांत पडत नाहीं. जपानीचें नांव ऐकून पुष्कळ जण बिचकतात. पण तिच्या वाक्यांतही मराठीप्रमाणें क्रियापद शेवटीं येतें आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामामागून लागतात. मराठी मुलाला एवढा आधार घरचाच आहे. एका उन्हाळ्याच्या सुटींत न्हावा-शेवा बंदराशीं काम असलेल्या एखाद्या कचेरींत उमेदवारी करावी. तेथें कागद कसा फिरतो तें पाहिलें म्हणजे पुस्तकांतील पुष्कळ पानें आपोआप उलगडतात.

आतां माझी धाकटी पुतणी बारावींत आहे. तिची यादी आम्हीं तिघांनीं, म्हणजे तिनें, वहिनींनीं व मीं, एकत्र बसून खालून वर अशी केली. संख्याशास्त्र पहिल्याच वर्षीं आहे. तिलाही तें आवडत नाहीं.