बाळाच्या अंगावरचा लाल डाग

बाळाच्या अंगावर लाल डाग दिसला की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘ग्रहण पाळलं नसशील!’ दुसरं, ‘जाईल आपोआप.’ पहिलं साफ खोटं आहे. ग्रहणाचा या डागाशी काडीचा संबंध नाही. बोल मात्र त्या ओल्या बाळंतिणीला लागतो. दुसरं वाक्य बहुतेक बाळांच्या बाबतीत खरं ठरतं, म्हणूनच मला त्याची धास्ती जास्त वाटते.

हा डाग म्हणजे हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ. कर्करोगाशी तिचं नातं नाही. जन्मताना तिथे फार तर पुसट लाली असते. पाचव्या ते आठव्या आठवड्यात ती झपाट्याने फुगते, पाच महिन्यांपर्यंत बहुतेक वाढ उरकते, आणि मग ती वर्षानुवर्षं ओसरत राहते. पाठीवर, दंडावर असेल तर खुशाल वाट पाहा. पण पापणीवरची गाठ डोळा झाकते आणि त्या डोळ्याची नजर कायमची अधू होऊ शकते. हनुवटी-जबड्यावर पसरली असेल, तर तशीच गाठ श्वासनलिकेतही असू शकते. ओठावर किंवा लंगोटाच्या जागी ती चिघळते. बाळ दूध ओढतानाही कळवळतं. पाच किंवा अधिक गाठी दिसल्या तर यकृताची सोनोग्राफी करावी लागते. बालत्वचारोगतज्ज्ञ बाळाला पूर्ण उघडं करून, मानेच्या वळ्यांपासून कमरेच्या मणक्यापर्यंत तपासतात, ते याचसाठी.

उपचार सापडला तो योगायोगाने. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात डॉ. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांच्याकडे नाकावर अशी गाठ असलेलं एक मूल होतं. स्टेरॉइड चालू असताना त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं जुनं औषध दिलं. दुसऱ्याच दिवशी लालभडक गाठ जांभळट आणि मऊ पडली! २००८ साली त्यांनी अशा ११ मुलांची हकिगत प्रसिद्ध केली आणि जगभरची उपचारपद्धती पालटली.

औषध स्वस्त आहे, पण मनाने द्यायचं नाही. वजनावर मात्रा ठरते, नाडी आणि रक्तदाब पाहावा लागतो. पाजल्याशिवाय डोस द्यायचा नाही. बाळ दूध पीत नसेल, उलट्या होत असतील तर तो चुकवायचा, कारण रक्तातली साखर एकदम उतरू शकते.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली सांगितलं, की धोक्याच्या जागची गाठ बाळ महिन्याचं असतानाच तज्ज्ञाने पाहावी. आपल्याकडे खेड्यातून तज्ज्ञ गाठायचा म्हणजे दिवस मोडतो, भाडं जातं, हे मला ठाऊक आहे. पण आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ व्या दिवसापर्यंत ठरावीक भेटी देते. गाठ वाढीला लागते तीही याच दिवसांत. वजन करताना तिने झबलं काढून डाग पाहावा, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि तो जिल्हा रुग्णालयात पोहोचावा, एवढी सोय आपण आत्ताही करू शकतो.