नोकर, मालक आणि लस

“लस टोचून घे, नाही तर उद्यापासून कामावर येऊ नकोस,” असे मालकाला नोकरास सांगता येते काय? करोनाच्या साथीत, २०२१ साली, हा प्रश्न दुकानादुकानांतून निघाला. ती साथ ओसरली, पण प्रश्न मिटलेला नाही. आणि त्याचे एकच उत्तर सर्व धंद्यांस लागू पडत नाही. हे समजून घेण्यासाठी दूर जावयास नको. आपल्या सुलतान बाजारातून एक फेरी मारली तरी पुरे.

प्रथम प्रसूती रुग्णालय घ्या. रक्ताने माखलेले बोळे आणि वापरलेल्या सुया उचलणाऱ्या आयाबाईला रोगाचा धोका रोजचाच. म्हणून दवाखान्यातील कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी, असा कचरा हाताळणाऱ्या सर्वांना कावीळ ‘ब’ व धनुर्वात यांवरील लस देण्याचे कर्तव्य रुग्णालयावर टाकले आहे. कर्तव्य रुग्णालयाचे आहे, आयाबाईचे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

पुढे मिठाईचे दुकान. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमावलीप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या नोकराची दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, त्याला विषमज्वरासारख्या आतड्यांच्या रोगांवरील लस टोचावी लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. येथे रक्षण व्हावयाचे ते गिऱ्हाइकाचे.

तिसरे कापडाचे दुकान. लुगडी उलगडून दाखविणाऱ्या नोकरासाठी लशीचा असा खास नियम नाही. मग साथ आली तर काय करावे? मेघालयात काही जिल्हाधिकाऱ्यांनी दुकानदार, टॅक्सीवाले इत्यादिकांना, लस घेतल्यावाचून धंदा सुरू करू नये, असे हुकूम काढले होते. जून २०२१ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने लसीकरण निकडीचे मानले; परंतु सक्तीने टोचणे व त्यापायी पोटावर पाय देणे अमान्य केले. उलट, येथील माणसांनी लस घेतली आहे की नाही याची ठळक पाटी लावावी, म्हणजे गिऱ्हाईक आपले आपण ठरवील, असा मार्ग काढला.

पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या खटल्यात तत्त्व स्पष्ट केले. घटनेच्या २१ व्या कलमान्वये माणसाचा स्वतःच्या शरीरावर अधिकार आहे. लस त्याच्यावर लादता येत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी काही बंधने घालता येतात, पण ती धोक्याच्या प्रमाणात असली पाहिजेत. त्या वेळी रोग ओसरला होता, म्हणून अशा बंधनांचा फेरविचार करावा असे न्यायालयाने सुचविले, आणि त्या सूचनेत खासगी संस्थांचाही उल्लेख केला. १९०५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देवीच्या लशीची सक्ती वैध ठरविली, त्या खटल्यातही शिक्षा होती ती पाच डॉलर दंडाची. माणसाला धरून टोचण्याची नव्हे.

आपल्याकडे १९८८ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. सलग सहा महिने काम केलेल्या नोकराला योग्य कारणावाचून, आणि एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार दिल्यावाचून, काढता येत नाही. रागाच्या भरात “उद्या येऊ नकोस” म्हणणाऱ्या मालकाने हे अगोदर वाचावे.

मग मालकाच्या हाती उरते काय? पुष्कळ उरते. लस टोचण्याच्या दिवशी, आणि ताप आल्यास दुसऱ्या दिवशीही, भरपगारी रजा द्यावी. एखाद्याची प्रकृती लशीला आड येत असेल, तर डॉक्टरचा सल्ला मानावा. साथ भरात असता जो लस घेत नाही, त्याला काही काळ गिऱ्हाइकांपासून दूर, गोदामात काम द्यावे. दटावून भीती जात नाही, असा आम्हां शिक्षकांचा अनुभव आहे. ती समजावून सांगितल्याने जाते. ज्या माणसाच्या भरवशावर आपण वर्षानुवर्षे दुकान सोडून जेवावयास घरी गेलो, त्याची शंका घटकाभर ऐकून घेण्यात मालकपणाला कमीपणा येत नाही. रोज मजुरीवर ज्याची चूल पेटते, त्याला रोगापासूनही वाचवावयाचे आहे आणि बेकारीपासूनही.